दारफाळणीचा सण : अनुतापाचा आणि आनंदाचा

विजयादशमीच्या निमित्ताने निघणाऱ्या या पानावर यहुदी लोकांच्या सणाचे निरूपण कशासाठी, असा प्रश्न एखाद्या भाविक वाचकाच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. त्याचे पहिले उत्तर पंचांगातच सापडते. २०२४ साली १२ ऑक्टोबरला आपण घरोघरी सोने वाटले, त्याच दिवशी जगभरातील यहुदी आपल्या वर्षातला सर्वांत कडक उपवास करीत होते. २०२५ साली २ ऑक्टोबरला हाच योग पुन्हा आला. त्यांचे पंचांग आपल्यासारखेच चांद्रमासाचे. एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरून ते ऋतूंशी मेळ राखतात. त्यांच्या तिश्री महिन्याची प्रतिपदा म्हणजे नववर्षाचा आरंभ, दशमीला उपवास, पौर्णिमेला मांडवाचा आनंदोत्सव. हा तिश्री बहुधा आपल्या आश्विनाच्या जोडीने येतो. अधिक मास धरण्याची रीत वेगळी असल्यामुळे कधी तो भाद्रपदावर सरकतो. २०२३ साली तो उपवास भाद्रपद शुद्ध दशमीला आला होता. म्हणजे घटस्थापना, दसरा आणि कोजागिरी या तीन तिथींच्या आसपास त्यांचेही तीन मोठे दिवस उभे असतात.

दुसरे उत्तर त्याहून जवळचे आहे. या उपवासाला हिब्रू भाषेत ‘योम किप्पूर’, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, असे नाव आहे. परंतु त्याला एक अस्सल मराठी नावही आहे, आणि ते कोण्या पंडिताने दिलेले नसून कुलाब्याच्या किनाऱ्यावरील तेलाच्या घाण्यांशेजारी रूढ झालेले आहे. ते नाव ‘दारफाळणीचा सण’. म्हणजे दार लावून घेण्याचा सण.

ज्यांच्या तोंडी हे नाव घडले ते बेने इस्राएल. शतकानुशतके कोकणात राहिलेले हे मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली गेली. उरले ते काय? शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम, ज्यामुळे गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आठव्या दिवशीची सुंता. खवले आणि पर नसलेला मासा न खाण्याचा निर्बंध. आणि ‘शमा’ ही प्रार्थना, जिच्यात परमेश्वर एक आहे एवढीच ग्वाही आहे. जन्माला, लग्नाला, मरणाला तीच एक प्रार्थना. आडनावे त्यांनी गावांवरून घेतली : किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. सणांनाही आपल्या मातीतली नावे दिली. नववर्ष तो ‘नव्याचा सण’. नव्या धान्याची नारळाच्या रसात खीर करावयाची तो ‘खिरीचा सण’. उपवासाच्या दुसऱ्या दिवशीचा तो ‘शिळा सण’. आणि ज्या दिवशी स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून, दार लावून, चूल न पेटवता, बाहेरच्यांशी न बोलता संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत निराहार राहावयाचे, ती दारफाळणी.

येथे कीर्तनकार म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही. १८८० च्या सुमारास या समाजाने मुंबईत आपल्या नारदीय परंपरेचे कीर्तन उचलले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पद्यांत बांधून, झांजेच्या ठेक्यावर लावली. आमच्या कलेने एवढी मोठी वाट चालली आहे, हे आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. मलाही ते पुष्कळ उशिरा कळले. तत्पूर्वी मला कळले होते ते त्यांचे बंद दार.

बंद दारापुढे

साधारण चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वय पंचविशीच्या आसपास, नुकती शास्त्रीची पदवी पदरात पडलेली, आवाज चढा आणि अहंता त्याहून चढी. रेवदंड्याच्या बाजूच्या एका गावात देवीच्या मंदिरात नवरात्राची नऊ कीर्तने होती. माझी उतरण्याची सोय ज्या घरी होती, त्याच्या कुंपणापलीकडे एक वृद्ध बेने इस्राएल जोडपे राहत असे. गृहस्थ निवृत्त शिक्षक. गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणे. १९४८ नंतर त्यांचे बहुतेक आप्त इस्राएलला गेलेले. हे दोघे मात्र नारळीच्या चार झाडांना धरून राहिलेले.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी सोने घेऊन गावात फिरलो आणि शेवटी मास्तरांच्या ओटीवर आलो. दार बंद. आत माणसे आहेत हे कळत होते, पण कोणी ओ देईना. मी दोनदा कडी वाजविली. तरुण वयातला मानी स्वभाव. सणाच्या दिवशी ब्राह्मण दारी आला आणि दार उघडू नये, याचा मला राग आला. यजमानांच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, “बुवा, त्यांची दारफाळणी आहे. आता उद्या दिवे लागल्यावरच.” मी आपट्याची पाने तशीच पिशवीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे त्यांच्या शिळ्या सणाला, मास्तर स्वतः आमच्या ओटीवर आले. धुतलेले पांढरे धोतर, उपवासाने उतरलेला चेहरा. या दिवशी भिक्षेकऱ्यांना दान करावे आणि इष्टमित्रांना भेटावे असा त्यांचा परिपाठ. मला वाटले, दार उघडले नाही म्हणून दिलगिरी सांगावयास आले असतील. पण ते म्हणाले ते निराळेच.

“बुवा, परवा दार लावण्याआधी मी गावातली चार घरं फिरून आलो. वर्षात ज्यांना दुखवलं असेल त्यांची माफी मागून मगच दार लावायचं, असा आमचा नेम. पण दार लावल्यावर ध्यानात आलं, एक घर राहिलं. पहिल्या माळेला तुमचं कीर्तन रात्री लांबलं, तेव्हा हिला बरं नव्हतं. मी रागानं या वहिनींना म्हणालो, हे पोर देवासाठी गातंय की स्वतःसाठी. रात्रभर तेवढंच आठवत होतं. मला क्षमा करा.”

सत्तरी उलटलेला मनुष्य पंचविशीच्या पोरापुढे हात जोडून उभा होता. आणि ते बोलले होते त्यात खोटे काहीच नव्हते. मी घाईघाईने म्हणालो, “मास्तर, अहो, मी तर ते ऐकलंसुद्धा नव्हतं.” ते म्हणाले, “तुम्ही नाही ऐकलं. मी बोललो होतो ना?” मग त्यांनी पिशवीतली दोन दिवसांची कोमेजलेली आपट्याची पाने मागून घेतली आणि टोपीला लावून घेऊन ओटीवर टेकले. त्या सकाळी दोन तास मी श्रोता होतो.

देव कोणता हिशेब मिटवितो

मास्तरांनी सांगितलेला मुख्य मुद्दा त्यांच्या ‘मिश्ना’ या प्राचीन ग्रंथातला आहे. त्या ग्रंथात या उपवासावर एक संपूर्ण प्रकरण आहे, ‘योमा’ नावाचे. त्याच्या शेवटी असा निर्णय दिला आहे की, मनुष्य आणि ईश्वर यांमधील अपराधांचे क्षालन हा दिवस करतो; परंतु मनुष्याने मनुष्याचा केलेला अपराध, त्या दुखावलेल्या मनुष्याचे समाधान केल्याखेरीज, हा दिवसही धुऊन काढीत नाही. उपवास करा, छाती पिटा, रात्रभर जागा; शेजाऱ्याचे देणे शेजाऱ्यालाच द्यावे लागते. शिवाय जो म्हणेल की आज पाप करतो, पुढे हा पर्वकाळ ते धुईलच, त्याच्यासाठी तो दिवस काहीच करीत नाही, हेही तेथे स्पष्ट सांगितले आहे. आपल्याकडे तीर्थस्नानाच्या भरवशावर वर्षभर हवे ते करणारे यजमान आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ती माणसे सर्वच देशांत असावीत, एरवी ग्रंथकाराला ही ताकीद का द्यावी लागली असती?

आपल्या निबंधकारांनी ‘प्रायश्चित्त’ शब्दाची फोड करताना ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय असा अर्थ दिला आहे. निश्चयावाचून तप म्हणजे नुसते उपाशी राहणे. यहुदी लोक जो शब्द योजतात तो ‘तशुवा’. त्याच्या धातूचा अर्थ परत फिरणे. वाट चुकलेला मनुष्य जसा आल्या पावली मागे वळतो, तसे वळणे. बाराव्या शतकात कोर्दोब्यात जन्मलेले आणि पुढे मिसर देशात वैद्यकी करीत राहिलेले मैमोनिदीस (११३८–१२०४) हे त्यांचे थोर धर्मशास्त्रकार. त्यांनी आपल्या ‘मिश्ने तोरा’ या ग्रंथात तशुवेचे नियमच लिहून ठेवले आहेत. पूर्ण पश्चात्ताप कोणता? ज्या ठिकाणी, ज्या मोहापुढे मनुष्य एकदा घसरला, तोच प्रसंग पुन्हा समोर यावा, अंगात बळही तितकेच असावे, आणि तरीही त्याने ते करू नये. म्हातारपणी हातपाय थकल्यावर सुटलेल्या पापाला ते दुय्यम स्थान देतात. शास्त्रकाराच्या या बारकाईला तोड नाही.

त्या एका दिवसाचा क्रम असा आहे. सूर्यास्ताच्या सुमारास ‘कोल निद्रे’ हे अरामी भाषेतले वचन तीनदा म्हटले जाते. ईश्वराशी केलेल्या आणि पाळल्या न गेलेल्या प्रतिज्ञांतून मोकळे करण्याची ती याचना. तेथून सुमारे पंचवीस तास अन्न नाही, पाणी नाही, अभ्यंग नाही, चामड्याचे पादत्राण नाही. वस्त्रे शुभ्र. पापांचा उच्चार वर्णमालेच्या क्रमाने, आणि सर्वत्र बहुवचनात : आम्ही अपराध केला, आम्ही लुटले, आम्ही खोटे बोललो. प्रत्येक शब्दाला छातीवर मूठ. मी मास्तरांना विचारले, “ज्यानं चोरी केलीच नाही त्यानं ‘आम्ही चोरलं’ का म्हणायचं?” ते म्हणाले, “ज्यानं केली तो एकटा पडू नये म्हणून.”

प्राचीन काळी जेव्हा यरुशलेमचे मंदिर उभे होते, तेव्हा हा दिवस मुख्य याजकाचा असे. वर्षातून या एकाच दिवशी, सोन्याची वस्त्रे उतरवून, साधी पांढरी तागाची वस्त्रे नेसून तो एकटा गाभाऱ्याच्या अंतर्भागात प्रवेश करी. दोन बोकड चिठ्ठ्या टाकून निवडले जात. एक ईश्वरार्पण होई आणि दुसऱ्याच्या मस्तकी प्रजेची पापे उच्चारून त्याला अरण्यात सोडले जाई. इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर जाळले. गाभारा गेला, याजक गेला, बोकडही गेला. एखाद्या धर्माचा सर्वांत पवित्र विधीच असा नाहीसा झाला, तर त्या धर्माने काय करावे? त्यांनी प्रत्येकाच्या अंतःकरणालाच ते काम सांगितले. माझ्या मते विश्वास म्हणतात तो हा.

योनाचे आख्यान

दुपार टळू लागली, जीभ कोरडी पडली, की त्या दिवशी एक आख्यान वाचले जाते. ते योना या प्रवक्त्याचे. आम्हा कीर्तनकारांच्या दृष्टीने ते अप्रतिम आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

ईश्वराने योनाला आज्ञा केली : निनवे नगरात जा आणि तेथील दुराचाराविरुद्ध पुकारा कर. निनवे म्हणजे शत्रूची राजधानी. योना उठला आणि नेमका उलट दिशेला निघाला! याफोच्या बंदरात भाडे भरून तार्शीशला जाणाऱ्या गलबतावर चढला. समुद्र खवळला. परधर्मी खलाशी आपापल्या देवांना हाका मारीत आहेत आणि देवाचा हा प्रवक्ता तळघरात घोरत पडला आहे. चिठ्ठ्या टाकल्या, त्या याच्याच नावाने निघाल्या. तो म्हणाला, मला समुद्रात टाका. तरी ते बिचारे खलाशी आधी वल्ही मारून किनारा गाठू पाहतात. परक्या माणसाचा जीव घेणे त्यांना सोसत नाही. अखेर नाइलाजाने त्यांनी त्याला लोटले, आणि एका महामत्स्याने त्याला गिळले. तीन दिवस, तीन रात्री मत्स्याच्या उदरात. तेथे त्याला प्रार्थना आठवली.

मत्स्याने त्याला कोरड्या भूमीवर ओकून टाकले. मग तो निनव्याला गेला आणि ओरडला की चाळीस दिवसांत हे नगर उलथून पडेल. आणि काय आश्चर्य! नगराने ऐकले. राजा सिंहासनावरून उतरला, राजवस्त्र टाकून गोणपाट नेसला, राखेत बसला. गुराढोरांनाही उपास घडविला. ईश्वराने त्यांची कृती पाहिली, त्यांनी वाईट मार्ग सोडला हे पाहिले, आणि संकट मागे घेतले.

येथे सामान्य कथाकार थांबला असता. परंतु खरी गोष्ट यापुढे आहे. योना रागावला. शत्रूला क्षमा मिळाली याचा त्याला संताप आला. तो नगराच्या पूर्वेला खोपटे करून बसला, अजून तरी या नगराचे काही वाईट होते का हे पाहत. ईश्वराने त्याच्या डोक्यावर एक झाड उगवविले; काही विद्वान तो एरंड असावा असे म्हणतात. सावली झाली, योना सुखावला. दुसऱ्या पहाटे किड्याने झाड कुरतडले, ते वाळले, आणि योना झाडासाठी हळहळू लागला, मरण मागू लागला. तेव्हा ईश्वराने त्याला विचारले : जे झाड तू लावले नाहीस, वाढविले नाहीस, त्याच्यासाठी तुझा जीव तुटतो, मग ज्यांना उजवे-डावे कळत नाही अशी एक लक्ष वीस हजारांवर माणसे जेथे आहेत, आणि पुष्कळ गुरेढोरेही, त्या नगराची मला कणव येऊ नये काय?

ग्रंथ येथेच संपतो. योनाचे उत्तर नाही. प्रश्न सभामंडपात तसाच लोंबत राहतो आणि प्रत्येक उपोषित श्रोत्याला तो स्वतःला विचारला गेल्यासारखा वाटतो. आम्ही उत्तररंगात श्रोत्यांना सगळे उलगडून सांगतो, फलश्रुतीही सांगतो. असे आख्यान प्रश्नावर सोडून खाली बसण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

दिवस मावळू लागला की शेवटची उपासना, ‘नईला’. तिचा अर्थही दार लागणे. स्वर्गाची द्वारे आता मिटत आहेत, सूर्य झाडांच्या शेंड्यावर आहे, अजून मागावयाचे ते मागून घ्या, असा तिचा भाव. घराचे दार आदल्या संध्याकाळीच लागलेले. वरचे दार मात्र या घटकेपर्यंत उघडे. शेवटी सारे मिळून ‘शमा’ म्हणतात आणि मेंढ्याच्या शिंगाचा, शोफारचा, दीर्घ नाद होतो. ग्रंथ हरपलेल्या त्या चौदा जणांच्या वंशाने शतके सांभाळलेली तीच ती प्रार्थना, एवढ्या मोठ्या दिवसाचाही शेवट तिनेच. मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले उपासनामंदिर १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधले. कंपनीच्या फौजेतला हा शिपाई टिपूच्या कैदेतून सुटला, त्या सुटकेचा नवस त्याने असा फेडला अशी परंपरा आहे. त्या मंदिराचे नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचे दार. हे लोक उपासनामंदिराला मशीदच म्हणत, आणि त्या वस्तीजवळच्या मस्जिद स्टेशनाला नाव मिळाले ते या मशिदीवरून, असे सांगतात.

पांढरी वस्त्रे, हिरवा मांडव

हे सर्व ऐकून वाटेल की दिवस मोठा उदास असावा. मास्तरांनी मात्र डोळे मिचकावून सांगितले, “बुवा, आमच्या शास्त्रात हा वर्षातल्या सर्वांत आनंदाच्या दोन दिवसांपैकी एक.” पुढे मी ते पडताळून पाहिले. मिश्नेच्या ‘तअनीत’ नावाच्या प्रकरणात खरोखर तसे म्हटले आहे. त्या काळी यरुशलेमच्या कुमारिका या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून द्राक्षमळ्यांत फेर धरीत. आणि ती वस्त्रे प्रत्येकीने दुसरीकडून उसनी आणलेली असावयाची. जिच्याकडे वस्त्र नाही तिला लाज वाटू नये म्हणून. श्रीमंताची कन्याही त्या दिवशी उसन्या वस्त्रात. क्षमा मिळाल्याचा आनंद त्यांनी कोणाचे उणे उघडे न पाडता साजरा केला, हे मला त्या सर्व प्रकरणात फार हृद्य वाटते.

उपवास सुटला, घास तोंडात पडला न पडला, तोच पुष्कळ यहुदी घरांत अंगणात मांडवाची पहिली मेढ रोवण्याची रीत आहे. पाचव्या दिवशी पौर्णिमा. तेथून सात दिवस ‘सुक्कोत’ म्हणजे मांडवांचा सण. मिसरच्या दास्यातून सुटल्यावर पूर्वजांनी चाळीस वर्षे अरण्यात काढली, त्याची आठवण म्हणून पक्के घर सोडून फांद्यांनी शाकारलेल्या मांडवात जेवावे, राहावे. छप्पर असे विरळ की रात्री तारे दिसावेत. या सणाला ते ‘आमच्या आनंदाचा काळ’ म्हणतात, आणि त्या दिवसांत आनंदी राहणे ही शास्त्राची आज्ञा आहे. हातात घ्यावयाच्या चार वनस्पतींत एक खजुरीची कोवळी झावळी आणि एक फळ असते. ते फळ म्हणजे आपले महाळुंग. तेच, जे कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती आहे. झाडे देश पाहत नाहीत.

दार लागण्याआधीच्या दहा दिवसांत रडावयाचे आणि दार उघडल्यावर पाच दिवसांनी मांडवात बसून गावयाचे, हा क्रम मला तेव्हा नुसता सुंदर वाटला. तो खराही आहे, हे मला स्वतःच्या गोष्टीने पुढे कळले.

राहून गेलेले घर

मास्तर उठून गेले, आणि मला माझे राहून गेलेले घर आठवले. त्याच्या दोन वर्षे आधी आमच्या क्षेत्री एका उत्सवात एक वृद्ध कीर्तनकार उभे होते. मी पुढच्या रांगेत. निरूपणाच्या भरात त्यांनी एका संस्कृत श्लोकात असा शब्द उच्चारला, जो मला पढविलेल्या पाठात नव्हता. मी बसल्या जागेवरून मोठ्याने त्यांची चूक दाखविली. श्लोक पुन्हा शुद्ध म्हणून दाखविला. मंडप हसला. बुवा क्षणभर थांबले, चिपळ्या पुन्हा वाजवू लागले. परंतु आवाज लागला नाही. त्यानंतर ते त्या मंडपात उभे राहिले नाहीत. मला मात्र त्या दिवशी चार जणांनी शाबासकी दिली.

नंतर मनाला लागले तेव्हा मी एकादश्या केल्या, जप केला, नदीवर गेलो. त्यांच्या घरी तेवढा गेलो नाही. मास्तरांच्या ओटीवरच्या त्या सकाळीनंतर जाण्याचा निश्चय केला, आणि कार्तिकीनंतर जाऊ, माघीनंतर जाऊ, असे करीत राहिलो. चैत्रात बातमी आली की बुवा गेले.

आता माफी कोणाची मागावयाची? हा प्रश्न घेऊन मी पुष्कळ वर्षे हिंडलो. तो सुटला तो मुंबईच्या एका ग्रंथालयात, मैमोनिदीसच्या त्याच नियमांत. दुखावलेला मनुष्य मरण पावला असेल, तर दहा माणसे घेऊन त्याच्या समाधीशी जावे आणि त्यांच्यादेखत म्हणावे की, मी देवाचा आणि या मनुष्याचा अपराध केला. अपराधाचे नावही घ्यावे. आपल्याकडे समाधी नाही, अस्थी नदीला गेलेल्या. पण मंडप होता, आणि दहा माणसांनी मला हसून साथ दिली होती तोही तोच मंडप होता.

त्या वर्षी रामनवमीच्या उत्सवात माझे कीर्तन होते. नमन झाल्यावर पूर्वरंगाला आरंभ करण्याऐवजी मी झांज थांबविली आणि झाली ती हकीकत सांगितली; बुवांचे नाव घेऊन, माझे शब्द जसेच्या तसे. कोणी हसले नाही. खांबाशी त्यांचा मुलगा बसला होता, हे मला बोलण्यास उभे राहिल्यावर दिसले. पाय कापत होते, पण मग थांबता येईना.

कीर्तन संपल्यावर तो बुक्का लावावयास आला आणि म्हणाला, “शास्त्रीबुवा, सकाळी घरी या. काही दाखवायचं आहे.” गेलो. त्याने माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेली पोथी काढली. आजोबांच्या हातची. तो श्लोक त्याने काढून दाखविला. बुवांनी त्या दिवशी उच्चारलेला शब्द तेथे स्पष्ट काळ्या शाईत होता. अर्थ नीट बसत होता, वृत्तही बिघडत नव्हते. तो पाठभेद होता. त्यांच्या घराण्याचा, माझ्या छापील प्रतीहून कितीतरी जुना.

मी विचारले, “मग बाबा त्या दिवशी बोलले का नाहीत?”

तो म्हणाला, “मी पण विचारलं होतं. म्हणाले, सगळे हसत होते, त्यात कोण ऐकणार. आणि म्हणाले, पोरगा शिकलेला आहे, कधीतरी पोथी बघायला येईल.”

पोथी मी पुन्हा फडक्यात बांधून त्याच्या हाती दिली. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी माझेच कीर्तन होते. निरूपणाला तोच श्लोक घेतला आणि त्यांच्या घराण्याच्या पाठाने म्हटला. पुढच्या रांगेतून एका तरुण विद्यार्थ्याने मान वर केली, मला टोकण्यासाठी त्याचे ओठ हलले. मी चिपळ्या खाली ठेवल्या आणि त्याला म्हणालो, “बोल बाळा, काय चुकलं?”